ओव्हरक्लॉक केलेल्या पीसीला कूलर कोणता घ्यावा? वडगावच्या माळ्यावरून सांगते

आमच्या गल्लीत सकाळी माग सुरू झाले की रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांचा खटखटाट थांबत नाही. बेळगावच्या वडगावात राहायचं म्हणजे साडीच्या धाग्याची लव केसांत जाणार, चहात जाणार आणि पीसीतही जाणार, हे धरूनच चालायचं. मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये कॅम प्रोग्रॅमिंग करते, म्हणजे साचे कापताना मशीनच्या हत्यारानं कुठून कसं जायचं ते मार्ग, टूलपाथ, संगणकावर काढते. रात्री घरी माळ्यावर थोडं जॉबवर्क असतं. माळ्यावर मंगलोरी कौलं आहेत. एप्रिलच्या दुपारी तिथं भिंतीवरचा तापमापक ३८ दाखवतो.

मशीनमध्ये इंटेलचा आय५-१२६००के प्रोसेसर. मूळ सेटिंगवर ज्या टूलपाथला ४० मिनिटं लागायची तो ओव्हरक्लॉक केल्यावर (म्हणजे प्रोसेसरचा वेग मूळ सेटिंगच्या वर चढवल्यावर) ३७ मिनिटांत व्हायला लागला. जानेवारीत सगळं छान चाललं होतं. एप्रिलमध्ये तोच टूलपाथ पुन्हा ४० वर गेला, कधी ४१. प्रोसेसर १०० अंशांना टेकून स्वतःच वेग कमी करत होता. म्हणजे वीज जास्त, आवाज जास्त आणि काम पूर्वीइतकंच.

माझा भाचा तेव्हा शेजारीच बसलेला. त्याचा स्वतःचा पीसी एएमडीच्या रायझन ५ ५६००एक्सचा, तोही त्यानं ताणलेला, आणि वर पेटीतून आलेला छोटा ॲल्युमिनियमचा कूलर.

"आत्ती, वॉटर कूलरच घेऊया की. दिसतोय तरी भारी."

"दिसतोय भारी, खरं साफ कसा करणार?" (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.)

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघांनी मिळून जे मोजलं, घेतलं आणि चुकलं, ते खाली लिहिते.

विकत घ्यायच्या आधी

आधी जुना कूलर काढून साफ करा. हे सांगायला नको असं वाटतं, पण माझ्याच कूलरच्या धातूच्या पात्यांमध्ये पंख्याच्या मागं लवेची गादी बसली होती, अक्षरशः वातीसारखी ओढून काढली. साफ केला, जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला लेप) पुसून नवीन लावली. ३१ अंशांच्या खोलीत आधी ९७ यायचं ते ९३ झालं. चार अंश फुकटात मिळाले.

रायझनच्या एएम४ (हे सॉकेटचं, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेचं नाव) बोर्डावरून कूलर काढताना एक जपा. त्या प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि जुनी पेस्ट घट्ट चिकटलेली असते. पीसी दहा मिनिटं जड कामावर चालवून गरम करा, बंद करा, वायर काढा, मग कूलर डावी-उजवीकडं हळूच पिळत सोडवा. भाच्यानं थंड मशीनवर सरळ वर ओढला. कूलरला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून बाहेर आला, दोन पिना वाकल्या. मेकॅनिकल पेन्सिलीच्या रिकाम्या नळीत एकेक पिन घालून मी त्या सरळ केल्या. तेवढा वेळ तो श्वास धरून उभा.

वॅट मोजा, पेटीवरचे नको

कूलरच्या पेटीवर 'इतक्या वॅटपर्यंत चालतो' असं छापलेलं असतं. तो आकडा कसा मोजायचा याचा सगळ्या कंपन्यांना बांधून ठेवणारा एकच नियम नाही. म्हणून दोन कंपन्यांचे २२० वॅट म्हणजे एकच गोष्ट असं धरू नका. प्रोसेसरच्या पेटीवरचा आकडाही ओव्हरक्लॉक केल्यावर उपयोगाचा राहत नाही. १२६००केचा मूळ आकडा १२५ वॅट आणि कमाल १५०. व्होल्टेज वाढवलंत की दोन्ही विसरा.

विजेचा हिशेब असा: वेग वाढवला तर वॅट त्याच प्रमाणात वाढतात, पण व्होल्टेज वाढवलं तर वर्गाच्या प्रमाणात वाढतात. माझं उदाहरण घ्या. ४.५ गिगाहर्ट्‌झवर १.२० व्होल्टला १२१ वॅट लागायचे. ४.९ला १.३० व्होल्ट द्यावे लागले आणि वॅट गेले १५८. वेग वाढला नऊ टक्के आणि उष्णता तीस टक्के. कूलर बघायला निघण्याआधी ओव्हरक्लॉकच्या आधीचे आणि नंतरचे वॅट स्वतःच्या मशीनवर बघा. एचडब्ल्यूइन्फो नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो, त्यात 'सीपीयू पॅकेज पॉवर' ही ओळ शोधा. सोबत सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारा प्रोग्रॅम) लावा, नाहीतर तुमचं रोजचं जड काम.

आता खरा मुद्दा. जुन्या कूलरवर, अर्धा तास पूर्ण ताण देऊन, खोलीचं तापमान आणि प्रोसेसरचं तापमान एकाच वेळी लिहून घ्या. वजाबाकी करा आणि वॅटनं भागा. माझ्याकडं ९३ वजा ३१ म्हणजे ६२, त्याला १५८ने भागलं की ०.३९. एका वॅटमागं एवढे अंश. कूलर, पेस्ट, कॅबिनेटमधली हवा, सगळं त्या एका आकड्यात येतं. खोली तापली की प्रोसेसरही जवळजवळ तेवढ्याच अंशांनी वर सरकतो. म्हणून ३८ अंशांच्या माळ्यावर ३८ अधिक ६२ बरोबर १००, आणि १२६००केची मर्यादा नेमकी तीच. एप्रिलचं कोडं तिथंच सुटलं.

उलटं गणित मांडा. मला सर्वांत वाईट दुपारी ८८च्या वर जायचं नव्हतं. ८८ वजा ३८ म्हणजे ५०, भागिले १५८ म्हणजे ०.३१. मला ०.३१ किंवा त्याहून कमी आकड्याचा कूलर हवा होता. कोणी परीक्षण केलं असेल तर त्यात खोली किती अंशांची होती आणि वॅट किती होते ते शोधा आणि भागाकार स्वतः करा. नुसतं '६८ अंशांत राहतो' याला काही अर्थ नाही, तो माणूस एसीत बसला असेल. दुसऱ्याचा आकडा त्याच्या प्रोसेसरचा असतो हेही लक्षात ठेवा. रायझनमध्ये उष्णता एका लहानशा चिपलेटमधून (सिलिकॉनच्या तुकड्यातून) निघते आणि ती मधोमधही नसते, त्यामुळं तेवढेच वॅट तिथं जास्त गरम दिसतात.

बेळगाव म्हणजे गरिबांचं महाबळेश्वर, इथं कशाला मोठा कूलर, असं आमचे एक साहेब म्हणतात. जानेवारीतल्या पहाटेला ते खरं आहे. पण जानेवारीत निवडलेलं ओव्हरक्लॉक एप्रिलपर्यंत टिकत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: आपण समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहोत, इथली हवा सात-आठ टक्के विरळ, तेवढी ती उष्णताही कमी वाहून नेते. फार फरक पडत नाही, पण गोव्यातल्या मित्राचे आकडे जसेच्या तसे घेऊ नका.

घ्यायची गरज आहे का?

हा प्रश्न दुकानात कोणी विचारणार नाही, म्हणून मी विचारते. १.३० व्होल्टवरून मी एकदा १.२५वर येऊन बघितलं. ४.८ला मशीन स्थिर चाललं आणि वॅट १४०च्या आसपास आले. म्हणजे शंभर मेगाहर्ट्‌झ सोडून दिले आणि उष्णता अकरा-बारा टक्क्यांनी उतरली. तुमचा एप्रिल तेवढ्यावर निभत असेल तर पैसे ठेवा. माझा निभत नव्हता, आणि शिवाय मला तो मोठा कूलर हवाच होता, खोटं कशाला बोलू.

हवा की पाणी

हीटपाइप म्हणजे बंद तांब्याची नळी, आत थोडंसं पाणी आणि आतल्या भिंतीला जाळी. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ वर पात्यांकडं जाऊन पुन्हा पाणी होते आणि जाळीतून परत खाली येते. नळीला पंप नाही, सील नाही, हलणारा भाग नाही. कूलरमध्ये बिघडण्यासारखं एकच, पंखा, आणि १२० मिलिमीटरचा पंखा कुठंही मिळतो.

वॉटर कूलरमध्ये पंप आला, रबरी नळ्या आल्या, रेडिएटर आला. पाण्याला तापायला वेळ लागतो, म्हणून पहिली पाच-दहा मिनिटं त्याचे आकडे फार देखणे असतात. गेम खेळताना ताण चढतो-उतरतो, तिथं हे कामाला येतं. माझा टूलपाथ ३७ मिनिटं एकसारखा चालतो. तेवढ्या वेळात पाणी तापून बसतं आणि २४०चा (दोन पंख्यांचा) रेडिएटर चांगल्या दोन-बुरुजी (पात्यांचे दोन ठोकळे असलेल्या) हवाई कूलरच्या आसपासच येतो. २०० वॅटच्या वर जाणार असाल तर मात्र ३६०चा (तीन पंख्यांचा) रेडिएटर घ्या, तिथं हवेचा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

आमच्या शॉपमध्ये साहेबांच्या केबिनमधल्या मशीनला एक वॉटर कूलर होता. तिसऱ्या वर्षी एका सकाळी मशीन सुरू केलं की मिनिटभरात १०० अंश आणि बंद. पंखे मस्त फिरत होते, म्हणून कोणाला संशयही येईना. नळीला हात लावला तर एक नळी गरम आणि दुसरी थंडगार: पंप बंद पडला होता. वॉरंटी होती, पण माल पार्सलनं पाठवायचा, तपासून बदली यायची. तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस साहेब माझ्या टेबलावर.

तरी पाणी घ्यायचंच असेल तर रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच राहील असं बसवा. आत थोडी हवा असतेच, ती वर चढते. पंप सर्वांत वर असेल तर हवा पंपात अडकते आणि तो गुरगुरतो. आणि हवाई कूलरचा वारा प्रोसेसरच्या भोवतालच्या व्हीआरएमवरूनही (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांवरून) जातो, पाणी बसवलं की तो बंद होतो. ओव्हरक्लॉकमध्ये ते भागही तापलेले असतात, त्यामुळं मागचा पंखा काढू नका.

पावसाळ्यात दव धरून बोर्ड शॉर्ट होईल का, असं खानापूरच्या एका ओळखीच्यांनी विचारलं होतं. नाही होत. यातला कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि त्याशिवाय दव धरत नाही.

कॅबिनेटमध्ये बसतो का

व्हर्निअर घ्या. प्रोसेसरच्या पाठीपासून बाजूच्या काचेपर्यंत किती जागा आहे ते मोजा आणि पाच मिलिमीटर सोडून द्या. माझ्या कॅबिनेटमध्ये १६३ भरले. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा माझा जुना लोभ, पण तो १६५ मिलिमीटर उंच आणि पंख्यांसकट १,३२० ग्रॅम, त्यामुळं तो तिथंच बाद. पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो. रॅमला उंच मुकुट असतील तर पंखा वर सरकवावा लागतो आणि उंची वाढते. माझी रॅम बिनमुकुटाची, प्रश्न आला नाही.

मग सॉकेट. इंटेलच्या जुन्या एलजीए १२०० सॉकेटभोवतीच्या स्क्रूच्या भोकांतलं अंतर ७५ मिलिमीटर आणि माझ्या प्रोसेसरच्या एलजीए १७००चं ७८, शिवाय १७००ची उंचीही थोडी कमी. जुना कूलर कोणी स्वस्तात देत असेल तर १७००चं किट सोबत आहे का ते बघूनच पैसे द्या. नव्या एलजीए १८५१ला १७००चंच किट चालतं. एएम४वरचे बहुतेक कूलर एएमडीच्या नव्या एएम५वर बसतात, पण बोर्डाची मूळ बॅकप्लेट (मागची आधारपट्टी) वापरणारे असतील तरच.

तळ बघा

इथं माझ्यातली मशीन शॉपवाली जागी होते, सहन करा.

प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ यांच्यामध्ये सगळा खेळ आहे. तांबं उष्णता जवळजवळ ४०० या दरानं वाहतं, चांगली थर्मल पेस्ट जेमतेम चार ते आठनं, आणि हवा ०.०३च्याही खाली. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा कितीतरी पट बरी, पण तांब्यापुढं ती मातीच. तिचं काम फटी भरायचं, थर द्यायचं नव्हे. तळ जितका नीट टेकेल तितकी पेस्ट कमी लागेल.

मी नवीन कूलर सोमवारी डब्यासोबत कामावर नेला. तळावर स्ट्रेट एज उभी धरून मागून उजेड बघितला: मध्ये टेकली, दोन्ही कडांना केसभर उजेड. आमचे टर्नर काका म्हणाले, "परत कर, फुगलाय." फुगलेला होता खरा, पण बऱ्याच कूलरचा तळ मुद्दाम थोडा बहिर्गोल ठेवतात. एलजीए १७००च्या सॉकेटची पकड प्रोसेसरला दोन बाजूंनी दाबते आणि त्याची पाठ मधोमध खोल जाते. फुगीर तळ नेमका तिथं बसतो. खात्री करायला प्रोसेसरवर पेस्टचा पातळ हात फिरवला, कूलर कसला, पुन्हा उचलला. शॉपमध्ये साच्यावर निळा रंग लावून दोन भाग कुठं टेकतात ते बघतो तसंच. मधोमध ठसा पातळ आणि सलग, कडांना थोडा जाड. यापेक्षा चांगला ठसा मागू नये. लॅपिंग करायला (तळ घासून सपाट करायला) हात शिवशिवले होते, आवरले. वॉरंटी गेली असती.

पेस्टऐवजी द्रवधातू लावायच्या फंदात पडू नका. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खाऊन टाकतं, आणि एक थेंब बोर्डावर सांडला तर वीज वाहायला रस्ता मोकळा.

मी काय घेतलं

थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई. दोन बुरूज, सहा हीटपाइप, उंची १५५. आधीचा माझा एक बुरूज आणि चार पाइपांचा होता. तो भाच्याच्या ५६००एक्सवर गेला, कारण त्याच्या शंभर-एक वॅटना तो पुरून उरतो. पेटीतलं एएम४चं किट मी डब्यात जपून ठेवलं होतं. कूलरच्या पेटीतले उरलेले स्क्रू आणि पट्ट्या कधी टाकू नका, पुढचं मशीन कुठलं असेल सांगता येत नाही.

निवडताना मी आणखी एक पाहिलं, जे पुण्या-मुंबईची परीक्षणं सांगत नाहीत: दोन पात्यांमधली फट. फार दाट पाती नव्या कूलरवर एखादा अंश कमी दाखवतात, पण वडगावात ती दोन महिन्यांत तुंबतात. पंखा तारेच्या क्लिपनं निघतो की स्क्रूनं, हेही बघा. स्क्रू काढायचे असतील तर तुम्ही साफ करणार नाही, मी लिहून देते. लव अडवायला मी पुढच्या जाळीवर जुन्या नायलॉन साडीचा तुकडाही लावून बघितला. लव अडली, वाराही अडला आणि चार अंश वाढले. आता कॅबिनेटची स्वतःचीच जाळी दर महिन्याला नळाखाली धुते.

बसवताना

तळावरची पारदर्शक फिल्म काढा. हसू नका, भल्याभल्यांची राहते.

पेस्ट वाटाण्याएवढी मधोमध, मोठ्या प्रोसेसरला थोडी जास्त. स्क्रू एकदम एक बाजू कसायचा नाही: एकाला दोन आटे, मग समोरच्याला दोन, असं आलटून पालटून, चाकाचे नट कसतो तसं. स्प्रिंगचे स्क्रू स्वतःच थांबतात, तिथं थांबा. दोन्ही पंख्यांचा वारा मागच्या पंख्याच्या दिशेनं जायला हवा. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्या असतात, वारा तिकडून बाहेर पडतो. दोन्ही वायरी सोबतच्या जोडवायरीतून सीपीयू-फॅन लिहिलेल्या पिनांवर.

मग तीच परीक्षा पुन्हा. खोली ३१, वॅट १५८, अर्धा तास: ७९ अंश. ७९ वजा ३१ म्हणजे ४८, भागिले १५८, ०.३०. पुढच्या एप्रिलच्या दुपारी माळा ३८ला पोचला तेव्हा प्रोसेसर ८६वर होता आणि टूलपाथ ३७ मिनिटांत.

पंख्याचा वेग बायोसमध्ये ५० अंशांपर्यंत निवांत, ८५ला पूर्ण असा ठेवलाय, आणि वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय चालू केली आहे. नाहीतर प्रत्येक क्लिकला पंखा हुंकारतो.

भाच्याला नंतर पुण्यात नोकरी लागली. पीसी घेऊन निघाला तेव्हा कॅबिनेट गाडीत आडवं ठेवायला लावलं, कूलर आकाशाकडं तोंड करून. उभ्या कॅबिनेटमध्ये एवढं वजन बोर्डावर लोंबतं, आणि तवंदी घाटाच्या वळणांवर ते हिसके देतं. एनएच-डी१५एवढा जड असता तर काढूनच न्यायला सांगितलं असतं.

सफाई

वर्षातून दोनदा: मार्चमध्ये, आणि खंडेनवमीला, तेव्हा उद्यमबागेतली सगळी मशीनं पुसून-पुजून निघतात. त्या दिवशी पीसी कामावर नेऊन कंप्रेसरची हवा मारायचा मोह होतो. मी एकदा केला. लाइनीत तेल आणि पाणी दोन्ही असतं, पात्यांवर तेलाचा हात बसला आणि पुढची लव दुप्पट जोमानं चिकटली. आता मऊ ब्रश आणि हातातला छोटा ब्लोअर. हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, भन्नाट फिरवलं तर बेअरिंग जातं.